धरणगावच्या रकान्यातला एक

जळगावात, आमच्या मेहरूणच्या गल्लीत मला ‘नशेवाल्या मॅडम’ म्हणतात. नवीन भाडेकरू आले की शेजारीण हौसेने ओळख करून देते आणि ते बिचारे घाबरून माझ्याकडे पाहतात. मी चहाखेरीज कसलंही व्यसन केलेलं नाही. पण एकवीस वर्षं मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत घरोघरी जाऊन एकच गोष्ट विचारत फिरले: तुम्ही कसली नशा करता का हो? आणि लोकांनी सांगितलंही. कुणी हसत, कुणी रडत, कुणी दाराआडून.

माझी नोकरी एका सर्वेक्षण संस्थेत होती. पोलिसांशी आमचा संबंध नव्हता, व्यसनमुक्तीवाल्यांशीही नव्हता. कुठल्या भागात लोक काय घेतात, कुठल्या वयात सुरू करतात, यंदा नवीन काय आलं, जुनं काय मागे पडलं, एवढं टिपायचं आणि वर पाठवायचं. वर म्हणजे पुण्याला, पुण्याहून दिल्लीला, आणि तिथून म्हणे सगळ्या दक्षिण आशियाच्या एका जाडजूड पुस्तकात. धाड घालायची नाही, उपदेश करायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. यातलं तिसरं सगळ्यात अवघड. पहिल्या वर्षी मी आरशासमोर उभी राहून चेहरा सरळ ठेवायचा सराव करत असे आणि नवरा विचारत असे, दात दुखतोय का?

विचारण्याचीही रीत असते. थेट विचारलं तर कुणी सांगत नाही. आधी घरात माणसं किती, पाणी किती दिवसांनी येतं, पोरं कुठे शिकतात. मग आजारपणं. मग ‘या भागात लोक काय काय घेतात?’ शेजाऱ्याबद्दल माणूस फार मोकळेपणाने बोलतो. शेजाऱ्याचं सांगून झालं की हळूच तीन प्रश्न: आयुष्यात कधी? गेल्या वर्षभरात? गेल्या महिन्यात? आणि उत्तर ‘हो’ आलं तर चौथा: कशासाठी? त्याला तीन खाने होते. दुखण्यासाठी, कामासाठी, चैनीसाठी. साऱ्या पुस्तकाचा जीव त्या तिसऱ्या खान्यात होता, कारण दिल्लीला चैनीचा हिशेब हवा होता. आणि आमच्याकडे चैन कबूल करायला कुणी तयार नसे.

धुळ्याजवळ हायवेवरच्या एका ढाब्यावर मी ड्रायव्हर मंडळींना विचारत बसले होते. पन्नाशीचे एक नाना चहात डोडा टाकून पीत होते. डोडा म्हणजे अफूच्या बोंडाचा चुरा. मी विचारलं, “नाना, हे चैनीसाठी लिहू?”

त्यांनी पेला बाकावर ठेवला. “मॅडम, चैन असती तर घरी बसून केली असती. इंदूरहून निघालोय, मुंबईला सकाळी गाडी रिकामी करायची आहे. तुम्ही चालवा, मी चैन करतो.”

मी ‘कामासाठी’वर खूण केली.

रावेरकडच्या एका केळीवाल्या आबांची तऱ्हा निराळी. मी यादी वाचत गेले आणि ते प्रत्येकाला ‘हो’ म्हणत गेले. गांजा? हो. भांग? हो. झोपेच्या गोळ्या? हो, हो. पंक्चरचं सोल्यूशन हुंगता? आबा जरा थांबले, मग म्हणाले, “तेही लिहा.” मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “आबा, तुम्ही तर धडधाकट दिसता.” तेव्हा ते पुढे वाकून म्हणाले, “हे पहा मॅडम, मागच्या खेपेला ठिबकच्या यादीतून मह्यं नाव राह्यलं. या खेपेला काही सोडू नका.” त्यांना वाटलं ही लाभार्थ्यांची यादी आहे. मी तो फॉर्म रद्द केला आणि आबांनी मला सोबत केळीची फणी दिली. कुणी सांगावं, पुढच्या योजनेला उपयोगी पडेल.

घरांबरोबर मी दुकानांतही जात असे. धुळ्याला एक मारवाडी शेठ होते, औषधांचं जुनं दुकान. चिठ्ठीशिवाय कुणाला काही न देण्याबद्दल प्रसिद्ध, म्हणून लोक त्यांच्यावर नाराज. पण कोण काय मागायला येतं ते त्यांच्या डोक्यात पक्कं असे. एकदा म्हणाले, “मॅडम, खोकला हिवाळ्यात येतो. आता माझ्याकडे बारा महिने येतो. आणि ज्यांना येतो ते खोकत नाहीत.” खान्देशात खोकल्याचं औषध नशेसाठी वापरलं जातंय हे माझ्या वहीत पहिल्यांदा लिहिलं गेलं ते त्या दिवशी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्या गोष्टीकडे येते. एका वर्षी ते जाडजूड पुस्तक आमच्या ऑफिसात आलं. मी घाईने नकाशा उघडला. अख्ख्या दक्षिण आशियाचा नकाशा, गडद रंग तिथे नशा जास्त. त्यात आमचा खान्देश फिकट पिवळा, करंगळीच्या नखाएवढा. भुसावळ, चोपडा, शिरपूर, साक्री, सगळं एकाच पिवळ्यात. माझ्या झिजलेल्या चपला, उन्हातले ते सगळे तालुके, ढाब्यावरचे नाना, सगळं त्या नखात गेलं. मला इतका राग आला की जेवणाचा डबा तसाच घरी नेला.

मी साहेबांकडे हट्ट धरला. साहेब म्हणजे आमचे जिल्हा प्रमुख, माणूस सज्जन, पण भांडणाला भिणारा. म्हटलं, यापुढे तालुकावार तक्ते द्यायचे. आणि ‘इतर व्यवसाय’ असला आळशी रकाना चालणार नाही, कोण काय काम करतं ते लिहायचं. माझे लोक ‘इतर’ नाहीत. साहेब म्हणाले, “तुम्ही बनवणार असाल तर बनवा.” मी बनवले. रात्रंदिवस मान मोडून बनवले. तालुका, गावाचा भाग, बाई की पुरुष, वय, काम, पदार्थ, कशासाठी. इतके बारीक तक्ते पुण्यातही कुणी केले नव्हते, हे मी चार जणांना तरी सांगितलं असेल.

त्याच फेरीत मला सुमनअक्का भेटल्या.

धरणगावात त्यांचा शिवणक्लास होता. साठीला टेकलेल्या, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. ओसरीवर दहा मशिनं, आणि दुपारभर त्यांचा खडखडाट. गावातल्या निम्म्या मुली त्यांच्याकडे परकर-पोलकं शिकून सासरी गेलेल्या. “अक्काकडे जाते” म्हटलं की आई पोरीला कुठलाही प्रश्न विचारत नसे. त्यांचं भांडवल म्हणजे दहा मशिनं आणि हा विश्वास.

मी माझ्या रीतीने पाण्यापासून सुरू केलं. यादीत खोकल्याचं औषध आलं आणि अक्कांनी हातातली कात्री खाली ठेवली. क्लास सुटला होता, आम्ही दोघीच होतो.

“मनं नाव येवाव नही ना कोठे?”

“अक्का, तुमचं नाव माझ्या सख्ख्या बहिणीलाही कळणार नाही,” मी म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं. सहा-सात वर्षं झाली होती. खरोखरच्या खोकल्याने सुरुवात झाली, खोकला गेला, बाटली राहिली.

“दुखण्यासाठी लिहू?” मी विचारलं. मला त्यांना वाचवायचं होतं, हे आता कळतं.

“दुखस काय माले? काहीच नही. गोड लागस. चार वाजनात, पोरी घर गयात, का मी पलंगवर राणीनागत पडी ऱ्हास. बठ्ठं आयुष्य दुसरासनं माप लेवामा गयं, बाई. हाई एक मनं सोतानं शे. मजा म्हनीसनच लिख. खोटं लिखू नको.”

एकवीस वर्षांत ‘चैनीसाठी’ इतक्या सरळपणे कुणी सांगितलं नव्हतं. मी खूण केली. आमचा नियम मोडून एका डॉक्टरांचा पत्ताही कागदावर लिहून दिला. अक्कांनी तो वाचला, घडी घातली आणि मशिनच्या खणात टाकला. त्या दिवशी मी बसमध्ये खुशीत होते. चांगली मुलाखत झाली की कामाचं माणूस खूश होतं, समोरच्याचं काही का असेना.

पुढे तक्ते छापून झाले आणि तालुक्यातालुक्यात बैठका झाल्या. धरणगावच्या बैठकीला गावातल्या आरोग्यसेविका, शिक्षक, बचतगटाच्या बायका आल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात माझा तक्ता. मी पट्टी घेऊन समजावत होते. बोलता बोलता दिसलं, मागच्या रांगेत दोन बायका कागदावर वाकल्यात. एकीचं बोट ओळीवरून सरकत सरकत एका जागी थांबलं. दुसरीने वाकून पाहिलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, वा, कुणीतरी तक्ता मन लावून वाचतंय.

तीन आठवड्यांनी मी फेरतपासणीला गेले. छपाईनंतरही दहा घरांमागे एका घरी परत जाऊन उत्तरं पडताळायची असतात आणि यादीत अक्कांचं घर निघालं होतं. दुपारचे दोन वाजलेले. वळणावरूनच मशिनांचा आवाज यायचा, तो आला नाही. ओसरीवर दहाच्या दहा मशिनांवर खोळी घातलेल्या. अक्का एकट्या बसून उसवलेलं काहीतरी शिवत होत्या.

“ये बाई. चहा लेशी?”

“अक्का, आज सुट्टी?”

अक्का आत गेल्या. चहा ठेवला, गाळला, कप माझ्या हातात दिला, आणि मग खणातून माझाच तक्ता काढून पुढ्यात ठेवला. कुणीतरी दारात टाकून गेलं होतं. एका ओळीखाली लाल रेघ होती. धरणगाव, गावाचा तो भाग, स्त्री, वय चाळीसच्या पुढे, शिवणवर्ग चालवणारी, खोकल्याचं औषध, चैनीसाठी: १.

त्या भागात शिवणवर्ग चालवणारी चाळिशीपुढची बाई एकच होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच तिच्या ओसरीवर बसून ते लिहिलं होतं.

“पहिले एकनी माय लई गयी पोरले, मंग दुसरीनी,” अक्का म्हणाल्या. “कोनी भांडनं नही. कोनी काही बोलनंबी नही. भांडत्यात तं बरं वाटतं.”

मी काहीतरी पुटपुटले. नाव नव्हतं लिहिलं, असं काहीसं.

“नाव नही लिखं तू, खरं शे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पन नाव सोडीसन बठ्ठं लिखी टाकं.”

मी चहा संपवला की नाही आठवत नाही. लाज काय असते ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं. उन्हातान्हात ज्या लोकांसाठी हिंडले असं मी म्हणत होते, त्यांतल्या एकीचा घास माझ्या हौसेने गेला होता. ‘इतर’ हा आळशी रकाना अक्कांचा पदर होता आणि तो मी माझ्या हाताने ओढला होता.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “नाव नाही ना आलं? मग कायद्याने आपण बरोबर आहोत.” मी म्हटलं, कायद्याने बरोबर असेल, पण दहा मशिनं बंद आहेत. मग मी एक नियम मांडला: कुठल्याही रकान्यात पाचपेक्षा कमी माणसं आली तर आकडा छापायचा नाही, तिथे फुली मारायची. आणि तालुक्याच्या तक्त्यात कामधंद्याचा रकाना अजिबात नको. आपल्याच बाळाचं नाक कापल्यासारखं वाटलं मला. साहेबांनी करून पाहिलं आणि माझ्यापुढे कागद धरला. “मॅडम, धरणगावच्या पानावर नुसत्या फुल्या आहेत. पोरं खेळतात तसं दिसतंय.” म्हटलं, दिसू दे.

वाटलेल्या प्रती परत आणायला मी घरोघर गेले. एका बाईने एका प्रतीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, तीही झटकून घेतली. दोन प्रती मिळाल्या नाहीत. त्या अजून कुणाच्या कपाटात असतील.

आता अक्कांचं काय करायचं? गावात जाऊन ‘ती बाई अक्का नव्हे’ असं सांगावं, तर तेच पक्कं होणार. गप्प बसावं तर मशिनं गप्प. शेवटी मला सुचलं ते एवढंच. एका शनिवारी मी दोन मीटर कापड घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले आणि म्हटलं, “अक्का, मला शिवण शिकवा. फी घ्यायची.”

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “याड लागं का तुले?”

पण एका मशिनची खोळ काढली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर दर शनिवारी जळगावहून बसने मी धरणगावला जात राहिले. सुरुवातीचे दोन महिने त्या क्लासात मी एकटी विद्यार्थिनी. माझा पहिला परकर एका बाजूने आखूड झाला आणि अक्कांनी तो असा उसवला की मला शाळा आठवली. “आकडा लिखाले येतस, सरळ टीप माराले येस नही,” हे मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं असेन. ओसरीवरून आवाज येऊ लागला म्हणून येणारी-जाणारी डोकावत. हळूहळू दोन मुली परत आल्या, मग आणखी एक. सगळ्या आल्या नाहीत.

पाचाच्या खाली फुली हा नवा नियम मी अक्कांना सांगितला, पण बाटलीबद्दल एकदाही बोलले नाही. चारला पाच मिनिटं कमी असताना मी आपली पिशवी आवरून निघत असे. एकदा खणात कात्री शोधताना दिसलं, डॉक्टरांच्या पत्त्याची घडी उलगडून पुन्हा घातलेली होती. तेही मी बोलले नाही.

पुढची फेरी आली. यादीत धरणगाव होतं. अक्कांच्या घरी दुसऱ्या कुणाला पाठवा असं मी साहेबांना म्हटलं होतं. अक्कांना ते कसं कळलं कोण जाणे. शनिवारी त्या म्हणाल्या, “वही लई ये पुढला खेपले. माले तूच इचार.”

पुढच्या शनिवारी मी वही घेऊन बसले. मुलींना अक्कांनी त्या दिवशी लवकर सोडलं होतं. मी पाण्यापासून सुरू केलं, तर अक्का म्हणाल्या, “थांब जराशी.” आणि दाराकडे पाहत राहिल्या.

दारात चपलांचा आवाज झाला. एक बाई आत आली, मग दुसरी, मग दोघी मिळून. चौघीही चाळिशीच्या पुढच्या. कुणाच्या हातात पदराचं टोक, कुणाची नजर जमिनीवर. शेवटची लताबाई. तिला पाहून मी वही मिटली. बैठकीत मागच्या रांगेत जिचं बोट थांबलं होतं, ती हीच. सगळ्यात आधी पोरीला क्लासातून काढलं तेही हिनेच.

ती अक्कांच्या शेजारी बसली आणि मान खाली घालूनच बोलली. “मी मनी पोरले पहिले काढं, काब्र का माले भेव वाटनं. अक्कानं निंघनं, मंग मनंबी निंघी. मीबी तेच लेस, मॅडम. चार वरीस व्हयनात.”

 अक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून वहीवर बोट आपटलं.

“तूच सांगं ना, पाचनी खाले फुली मारतस. मंग मोज. पाच जनी शेतस आम्ही. आते फुली नको. एकलीकडे बोट दखाडता येस. पाच जनीसकडे कोन दखाडी?”

मी एकेकीला विचारलं. घरात माणसं किती, पाणी कधी येतं, आयुष्यात कधी, गेल्या महिन्यात. सगळ्यात शेवटी एक प्रश्न असतो, मदत हवी का. आजवर त्या रकान्यात मी ‘नाही’ लिहून कंटाळले होते. त्या दिवशी पाचही ठिकाणी ‘हो’ लिहिलं. अक्कांच्या खणातल्या कागदावरचा पत्ता मग पाचही जणींनी उतरवून घेतला. लिहिताना माझे डोळे भरून आले आणि अक्का म्हणाल्या, “वही वल्ली करू नको.”

चारच्या पुढे गेलं होतं. कुणी घड्याळाकडे पाहिलं असेल तर मला दिसलं नाही.

तक्ता छापून आला. धरणगावच्या पानावर सगळीकडे फुल्या आणि मधोमध एक आकडा, पाच. साहेब चष्मा सरकवत म्हणाले, “मॅडम, एकाचे पाच? एका वर्षात? खाली ‘चिंताजनक वाढ’ अशी टीप टाकू का?”

मी सांगितलं, वाढ नाही साहेब, त्या आधीही होत्याच. पण टीप लिहिण्याचं काम माझ्या हातात नव्हतं, आणि दिल्लीला टीप समजते, मी समजत नाही. त्या जाडजूड पुस्तकाच्या पुढच्या नकाशात आमच्या पिवळ्या नखावर धरणगावाच्या जागी नारिंगी ठिपका आला. कुठल्या तरी सभेत कुणीतरी पट्टीने तो दाखवून विचारलं असेल, इथे एवढं काय बिघडलं?

बिघडलं काहीच नव्हतं. शनिवारी दुपारी चार बायका सुमनअक्काच्या दारात चपला काढून आत आल्या होत्या.